कॉलेजात न जाता घरबसल्या खगोलशास्त्र कसं शिकायचं? मोबाईलपासून दुर्बिणीपर्यंत संपूर्ण माहिती

मी वलगावचा. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की पेढी नदीजवळ आमचं गाव लागतं. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच वलगावजवळ. बारावी सायन्सनंतर माझं शिक्षण थांबलं. त्या वर्षी घरची कपाशी गेली, घरात पैसा नव्हता, आणि मी स्टँडवरच्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात बसायला लागलो. आकाशाचा नाद मला लागला तो त्याच मोबाईलमुळे.

झालं असं, की जून महिन्यात मी नवीनच एक स्काय ॲप टाकलं होतं आणि घरात सगळ्यांना दाखवत फिरत होतो. आमचे आबाजी खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "मिरग लागला म्हंतेत सारे. तुह्या मोबाईलमंधी दिसते काय तो? दाखव बरं मले."

मी रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर गेलो. ॲपमध्ये मृग शोधला, तर बाण पश्चिमेकडे आणि चक्क जमिनीच्या खाली! मला वाटलं ॲपच बिघडलं. आबाजी हसले आणि झोपले. ॲप बरोबर होतं, चुकत होतो मी. पण ते का बरोबर होतं हे समजायला मला दोन महिने लागले. आज जे काही थोडंफार येतं त्याची सुरुवात त्या एका प्रश्नापासून झाली. हा लेख म्हणजे त्या वाटेवर मी काय केलं, कुठे पैसे घालवले आणि तुम्ही काय टाळावं, याची माहिती.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ

पहिली गोष्ट. खगोलशास्त्र वेगळं आणि फलज्योतिष वेगळं. ग्रह कुठे आहे, किती लांब आहे, कशाचा बनलाय हे खगोलशास्त्र सांगतं. त्याच्यामुळे तुमचं लग्न कधी होईल हे ते सांगत नाही. गावात तुम्ही आकाश पाहायला लागलात की लोक पत्रिका घेऊन येतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

दुसरी गोष्ट. घरी शिकून पदवी मिळत नाही. संशोधक म्हणून नोकरी करायची असेल तर भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि पुढे पीएचडी लागतेच. पुण्याची आयुका आणि एनसीआरए यांसारख्या संस्थांचे दरवाजे त्याच वाटेनं उघडतात. मग घरी शिकून काय मिळतं? विषय खरोखर समजतो, आणि काही कामं तर अशी आहेत की तिथं तुमची मार्कशीट कुणी विचारत नाही, फक्त तुमची निरीक्षणं बघतात. त्याबद्दल पुढे सांगतोच.

पदवीशिवाय मोठं काम केलेले लोक

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३ ते १८९८): कोकणातल्या मुरूडचे. मॅट्रिक आणि शिक्षकी पेशाचं ट्रेनिंग एवढंच शिक्षण. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संस्कृत ज्योतिषग्रंथ पालथे घातले आणि १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला. भारतीय खगोलशास्त्राचा इतिहास अभ्यासणारे आजही त्याचा आधार घेतात.

व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४ ते १९३०): हेही शाळाशिक्षक. गणित स्वतः शिकले आणि पंचांगासाठी नवीन कोष्टकं तयार केली. १९११ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असा लेख लिहिला. त्यातल्या एकाचं अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट आणि त्याचं वर्ष सुमारे २४२ वर्षांचं काढलं होतं. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि काळ २४८ वर्षं! पण मित्रांनो, इथं उड्या मारायच्या नाहीत. प्लूटोचं वस्तुमान फार कमी आहे, त्यामुळे हा मेळ योगायोग मानला जातो. तरी एका शाळामास्तरांचं गणित त्या काळी पॅरिसपर्यंत पोचलं, ही गोष्ट खरी आहे.

राधागोविंद चंद्र (१८७८ ते १९७५): बंगालमधल्या जेसोरचे. एंट्रन्स परीक्षेत तीनदा नापास झाले, सरकारी खजिन्यात कारकुनी केली. रोज रात्री छोट्या दुर्बिणीतून ज्यांचं तेज कमी-जास्त होतं असे तारे पाहायचे आणि वहीत नोंदायचे. अमेरिकेतल्या आव्सो या संस्थेला त्यांनी ३७ हजारांपेक्षा जास्त नोंदी पाठवल्या. संस्थेनं त्यांना वापरायला सहा इंची दुर्बीण पाठवली होती. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी हेच सगळ्यात जवळचं उदाहरण आहे.

सुरुवातीला काय काय लागतं?

१. एक स्मार्टफोन. महागाचा नसला तरी चालतो.
२. स्काय ॲप. स्टेलेरियम किंवा स्काय मॅप. दोन्ही फुकट मिळतात. अवकाश स्थानक कधी दिसणार हे पाहायला हेवन्स-अबव्ह.
३. वही आणि पेन. याला पर्याय नाही.
४. लाल उजेड. टॉर्चवर लाल प्लास्टिकचा कागद रबर लावून बसवा.
५. घरातलं पंचांग किंवा कॅलेंडर. हसू नका, पुढे सांगतो.

दुर्बीण या यादीत नाही. ती मुद्दामच नाही.

स्काय ॲप कसं चालतं?

फोन आकाशाकडे धरला की ताऱ्याचं नाव दिसतं. पण फोन तारा "बघत" नाही. कॅमेरा बंद असला तरी ॲप चालतं. त्याचं काम असं होतं:

जीपीएस: तुम्ही कुठे आहात ते सांगतं. वलगाव म्हणजे अक्षांश २१ अंशांच्या आसपास, रेखांश ७७.७ च्या आसपास.

घड्याळ: आत्ता नेमकी वेळ काय ते सांगतं. जागा आणि वेळ कळली की आकाशाचा कोणता भाग वर आहे याचं गणित ॲप करतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

ॲक्सेलरोमीटर: जमीन कोणत्या बाजूला आहे, म्हणजे फोन किती वर उचललाय, ते सांगतो.

मॅग्नेटोमीटर: म्हणजे होकायंत्र. उत्तर कुठे ते सांगतो.

जायरोस्कोप: फोन फिरवताना चित्र थरथरू नये यासाठी.

दुकानात माझ्याकडे लोक येतात, "ॲप चुकीचा तारा दाखवते" म्हणून. दहातल्या बहुतेक वेळी दोष मॅग्नेटोमीटरचा निघतो. चुंबक असलेलं फ्लिप कव्हर, लोखंडी खाट, टिनाचं शेड, जवळ उभी असलेली मोटरसायकल, यातलं काहीही होकायंत्राला फसवतं. उपाय सोपा आहे. कव्हर काढा, लोखंडापासून दूर जा आणि फोन हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा चार-पाच वेळा फिरवा. मग चंद्राकडे धरा. ॲपमधला चंद्र खऱ्या चंद्रावर बसला तर झालं.

काही स्वस्त फोनमध्ये मॅग्नेटोमीटरच नसतो. अशा फोनमध्ये ॲप आपोआप फिरत नाही. बिघडलं समजू नका. बोटानं आकाश सरकवायचं आणि दिशा आपण ओळखायची. खरं सांगू का, असे लोक आकाश लवकर शिकतात, कारण त्यांना दिशा स्वतः शोधाव्या लागतात.

एक महत्त्वाची सेटिंग: ॲपमधला रात्रीचा लाल मोड चालू करा आणि ब्राइटनेस एकदम कमी ठेवा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि व्हॉट्सॲपचा एक पांढरा मेसेज ती घालवतो. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाका.

पहिले तीन महिने: फक्त उघडे डोळे

माझी पहिली चूक ही होती, की मी आकाश पाहण्याऐवजी स्क्रीन पाहत होतो. मग मी नियम केला: आधी वर पाहायचं, अंदाज करायचा, वहीत लिहायचं आणि शेवटी ॲपमध्ये तपासायचं.

हातानं अंश मोजा. हात लांब करून मूठ धरली की आकाशात सुमारे १० अंश झाकतात. करंगळी म्हणजे सुमारे १ अंश. चंद्र किंवा सूर्य फक्त अर्ध्या अंशाचा असतो, करंगळीमागे आरामात लपतो. आता उत्तरेला ध्रुवतारा शोधा. क्षितिजापासून तो दोन मुठींपेक्षा किंचित वर दिसेल, म्हणजे २१ अंश. तुमच्या गावाचा अक्षांश जेवढा, ध्रुव जवळपास तेवढाच वर. जीपीएस जे सांगतं ते तुम्ही मुठीनं मोजलं!

चंद्राचा पाठलाग करा. रोज एकाच वेळी चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ आहे ते लिहा. तो रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो आणि सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. २७ दिवसांपेक्षा थोड्या जास्त काळात तो त्याच ताऱ्यापाशी परत येतो. आपली २७ नक्षत्रं यातूनच आली. प्रत्येक नक्षत्राला १३ अंश २० कला. आणि तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी झाली. मी लहानपणापासून कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशी पाहत होतो, पण हा एक मोजलेला कोन आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ठळक तारे मराठी नावांनी पाठ करा. हिवाळ्यात व्याध, रोहिणी, कृत्तिका, ब्रह्महृदय, पुनर्वसू. दक्षिणेला खाली अगस्त्य. उन्हाळ्यात मघा, चित्रा, स्वाती. पावसाळ्याच्या आगेमागे ज्येष्ठा, अभिजित, श्रवण. रात्री २-३ तारे, एवढं पुरे.

मृग जमिनीखाली का होता?

आता आबाजींच्या प्रश्नाकडे येऊ.

शेतकरी म्हणतो "मृग लागला", तेव्हा त्याचा अर्थ असतो की सूर्य मृग नक्षत्रात आला. ७-८ जूनच्या सुमारास पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्याच्या मागे मृगाचा भाग असतो. म्हणजे मृग दिवसभर सूर्याबरोबर डोक्यावरून जातो आणि सूर्याबरोबरच मावळतो. उजेडात तो दिसत नाही, आणि रात्र होते तेव्हा तो जमिनीखाली गेलेला असतो. ज्या दिवसांत सगळे मृगाचं नाव घेतात, नेमका त्याच दिवसांत तो दिसत नाही!

सूर्य रोज सुमारे १ अंश सरकतो, म्हणून एक नक्षत्र त्याला १३-१४ दिवस पुरतं. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं म्हणूनच दर तेरा-चौदा दिवसांनी बदलतात. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि मृग संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर दिसतो.

यात अजून एक गंमत आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं. त्यामुळे ऋतूंच्या हिशेबानं मृग लागण्याची तारीख दर ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. हजार वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे १४ दिवस आधी लागायचा. पाऊस सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याशी बांधलेला आहे, नक्षत्राशी नाही. मग पेरणी नक्षत्र पाहून करावी की हवामानाचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहून? उत्तर तुम्हीच द्या. आमच्या घरी यावर आता दरवर्षी चर्चा होते.

फुकटातला प्रयोग: काठी आणि सावली

गच्चीवर १ मीटरची काठी सरळ उभी करा. दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं मार्क करा. सावली सगळ्यात लहान होते तो तुमच्या गावाचा खरा मध्यान्ह.

आमच्याकडे तो बरोबर १२ वाजता कधीच येत नाही. भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलंय आणि आपण ७७.७ वर आहोत. फरक ४.८ अंशांचा, आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून सुमारे १९ मिनिटं उशीर. त्यात पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला असल्यामुळे वर्षभर थोडा कमी-जास्त फरक पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२:०३ च्या सुमारास येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२:३३ ला.

२१-२२ डिसेंबरला भर मध्यान्ही १ मीटरच्या काठीची सावली सुमारे ९८ सेंटीमीटर पडते, म्हणजे जवळपास काठीएवढीच. आणि २५-२६ मेच्या सुमारास सव्वाबाराला ती काठीच्या पायात गायब होते. हाच शून्य सावली दिवस. वर्षातून दोनदा येतो, पण जुलैतला दुसरा बहुतेक ढगातच जातो. दिल्लीवाल्यांच्या नशिबात हा दिवस नाहीच, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे.

कोल्हापूर किंवा सांगलीकडे तुमचा कुणी मित्र असेल तर दोघांनी एकाच दिवशी मध्यान्हाला सावली मोजा. दोन्हीकडच्या सूर्याच्या उंचीत जो फरक येईल त्यातल्या प्रत्येक अंशाला उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. त्याला ३६० नं गुणा. पृथ्वीचा घेर तुमच्या वहीत आला.

दुर्बीण घ्यायची का? माझी फसगत वाचा

तीन महिन्यांनी माझा धीर सुटला. ऑनलाईन एक दुर्बीण पाहिली, खोक्यावर मोठ्या अक्षरात "५२५ पट". दोन महिन्यांचे वाचवलेले पैसे घातले. पहिल्या रात्री चंद्र दिसला, पण जास्त पट लावली की सगळं धुकट. स्टँड इतका हलका, की हात लागला तरी चंद्र उडून जायचा. परत करायला गेलो तर मुदत संपलेली.

नंतर गणित कळलं. पट म्हणजे मोठ्या भिंगाचं नाभीय अंतर भागिले डोळ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यावर तीनपट बार्लो भिंग लावलं की ५२५. आकडा खोटा नव्हता, पण निरुपयोगी होता. कामाची पट जास्तीत जास्त भिंगाच्या मिलीमीटरच्या दुप्पट असते. ७० मिलीमीटरचं भिंग, तर १४० पट. त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो.

म्हणून पट पाहू नका, भिंगाचा व्यास आणि स्टँड पाहा. आणि पहिली खरेदी करायचीच असेल तर १०×५० ची द्विनेत्री घ्या. ५० मिलीमीटरचं भिंग अंधारात ७ मिलीमीटर उघडणाऱ्या आपल्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट जास्त प्रकाश गोळा करतं. भिंतीला कोपर टेकवून धरली की चंद्राचे खड्डे, कृत्तिकेतले कितीतरी तारे, गुरूचे चार चंद्र आणि देवयानी दीर्घिका दिसते. त्या दीर्घिकेचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. शनीची कडी मात्र द्विनेत्रीतून दिसत नाही, त्याला चांगली दुर्बीण लागते.

सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून कधीही पाहू नका. एक क्षणही नाही. एक्स-रेची फिल्म, काळी काच चालत नाही. ग्रहण पाहायला आयएसओ १२३१२-२ मानकाचाच चष्मा वापरा, आणि तोसुद्धा फक्त नुसत्या डोळ्यांसाठी.

मोबाईलनं ताऱ्यांचा फोटो

प्रो मोड उघडा. शटर १० ते १५ सेकंद, आयएसओ ८०० ते १६००, फोकस अनंतावर, टायमर ५ सेकंद. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांमध्ये फोन टेकवा. १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं तर पृथ्वी फिरते म्हणून तारे रेघांसारखे येतात. बोटानं शटर दाबल्यावर फोन हलतो, म्हणूनच टायमर लावायचा.

वाचन आणि गणित: पावसाळ्याचं काम

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बंद. हा काळ अभ्यासाचा.

पहिली पायरी, बालभारतीची पुस्तकं. माझ्याकडच्या पुस्तकांत आठवीच्या विज्ञानात 'ताऱ्यांची जीवनयात्रा', नववीत 'अवकाश निरीक्षण : दुर्बिणी' आणि दहावीत 'गुरुत्वाकर्षण' हे धडे आहेत. शाळेत आपण ते परीक्षेपुरते वाचलेले असतात. आता वाचले की वेगळेच वाटतात.

दुसरी पायरी, मराठी पुस्तकं. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' आणि मोहन आपटे यांची 'मला उत्तर हवंय' मालिका. नारळीकर जगभर नाव असलेले शास्त्रज्ञ, पण मराठीत लिहिणं त्यांनी सोडलं नाही.

तिसरी पायरी, ओपनस्टॅक्सचं 'ॲस्ट्रॉनॉमी' पाठ्यपुस्तक. इंग्रजीत आहे, ३० प्रकरणं, आणि पूर्ण फुकट. मी दिवसाला दोन पानं वाचतो, अडलं की शब्द शोधतो. इंग्रजीची भीती पहिल्या ५० पानांतच जास्त असते. स्वयम आणि एनपीटीईएल वर फुकट व्हिडिओ कोर्सही आहेत.

तुम्ही अजून शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात असाल तर खगोल ऑलिम्पियाडचे जुने पेपर नक्की सोडवा. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही परीक्षा सांभाळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धाही मुंबईत झाली.

गणित टाळू नका. नुसते व्हिडिओ पाहून समजल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. एक सोपं उदाहरण करून पाहा: गुरू सूर्यापासून ५.२ पट अंतरावर आहे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये ५.२ चा घन करा, १४०.६ येतं. त्याचं वर्गमूळ ११.८६. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला तेवढीच वर्षं लागतात! हा केप्लरचा तिसरा नियम. त्या रात्री मी दुकानाच्या बिलबुकावर सगळ्या ग्रहांचं गणित केलं.

खरं काम करायचंय? हे करा

चल ताऱ्यांच्या नोंदी: मृगातला काक्षी तारा २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला इतका मंदावला होता, की नुसत्या डोळ्यांना फरक कळत होता. असे तारे शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तेज लिहायचं असतं. ययाती समूहातला अलगोल तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, सरावाला तो उत्तम. नोंदी आव्सोकडे पाठवता येतात. डिग्री लागत नाही.

झूनिव्हर्स: खऱ्या दुर्बिणींचे फोटो पाहून दीर्घिका ओळखायच्या. गॅलेक्सी झू हा प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला त्यात एक विचित्र निळसर ढग दिसला. शास्त्रज्ञांना तो आधी माहीतच नव्हता.

गट: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. नागपूरला रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, एकदा जाऊन या.

अंधार कुठे शोधायचा?

वलगावातून अमरावतीचा उजेड आग्नेयेला दिसतो, तिकडचे मंद तारे गायब होतात. उत्तर आणि पश्चिम बरी असते. शेतात गेलात तर आणखी चांगलं, पण बूट घालूनच जा, सापा-विंचवाचा भरवसा नसतो. चिखलदऱ्याचं आकाश खूप छान आहे, मात्र मेळघाटच्या जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरू नका. नागपूरकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. आणि दिवसा पाहायचं तर बुलडाण्यातलं लोणार आपल्याच वऱ्हाडात आहे: उल्का आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज किती वेळ द्यावा? रात्री अर्धा तास पुरे, पण वही रोज. ढग असतील तर "ढग" असं लिहा.

चष्मा असेल तर? चष्मा लावूनच नुसत्या डोळ्यांनी पाहा. द्विनेत्रीत फोकस फिरवून बहुतेकांचं काम होतं.

पुढे पदवी घ्यावीशी वाटली तर? इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बीएस्सी करता येते. घरचा अभ्यास तिथं वाया जात नाही. मी सध्या त्याचाच विचार करतोय.

लवकरच काय पाहण्यासारखं आहे? दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का. आणि ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, चंद्र नुसत्या डोळ्यांनी बिनधास्त पाहा.

शेवटी

त्या वर्षी डिसेंबरात, थंडीत, मी आबाजींना गच्चीवर नेलं. फोन खालीच ठेवला. पूर्वेला हात करून म्हटलं, "आबाजी, थो पाहा मिरग."

ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तं तिकांडं हाय. लहानपणी बैलं घेऊन निघो तवा याच्यावरच टाईम पाहो आमी." मृगाच्या पोटातले ते तीन तारे त्यांना साठ-सत्तर वर्षांपासून ओळखीचे होते. फक्त जूनमध्ये ज्याचं नाव घेतात तो मिरग हाच, हे त्यांना कुणी जोडून दाखवलं नव्हतं. मीही त्यांच्याकडून नवीन शिकलो: तिकांडं कुठे आलं यावरून रात्र किती उरली ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळाशी ताडून पाहिलं. आबाजींचा अंदाज पाव तासानं चुकला होता, बस.

तर मित्रांनो, आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं वर जा. आधी पाहा, मग लिहा, मग ॲप उघडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न नक्की विचारा: तुम्ही याला काय म्हणत होते?